मोकळं शेपूट

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन सुरू होतो. "ताई, फीडर फिरंना." "मॅडम, माग सारखा थांबायलाय." मी एकच विचारते, "पूजा कुणी केली?" पलीकडून उत्तर येतं, "आईनं केली की. का?"

खंडेनवमीला आमच्याकडे शेतकरी अवजारं पुजतो, चक्कीवाला चक्की पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो. मागवाले माग पुजतात. मागाला झेंडूचा हार, हळदीची बोटं, कुंकू. मग घरातली एखादी कर्ती बाई पुढं सरकते आणि मागाच्या बाजूला बसवलेल्या छोट्या गोल यंत्रालाही कुंकू लावते, कारण तेही बिचारं वर्षभर राबतंच की. ते यंत्र म्हणजे फीडर. त्याच्या पोटावर नखाएवढे आरसे असतात. पूजा करणारीला ते कपाळ वाटतं आणि बोट नेमकं तिथंच टेकतं.

हे फीडर दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. तुळजापूरपासून मुरुमपर्यंत, आणि इकडं सोलापूरच्या वेशीपर्यंत, जिथं जिथं टॉवेल आणि चादरीचे माग चालतात तिथं माझी स्कूटी जाते.

फीडर कशाला लागतो ते सांगते. माग सूत सारखं ओढत नाही, हिसके मारत ओढतो. एक आडवा धागा टाकायचा, थबकायचं, दुसरा टाकायचा. हे इतक्या वेगानं चालतं की डोळ्याला एकच थरथर दिसते. सूत येतं कोनावरून, म्हणजे निमुळत्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या सुतावरून. कोनावरचा धागा थेट मागाला दिला तर हिसक्यानं तुटतो. म्हणून मध्ये फीडर. तो कोनावरून संथपणे सूत ओढतो, आपल्या पोटावर काही वेढे राखीव गुंडाळून ठेवतो आणि मागाला हवं तेव्हा त्या वेढ्यांतून सोडतो. गावाकडच्या माणसाला मी टाकीचं उदाहरण देते. बोअरचं पाणी थेट नळाला जोडलं तर लाईट गेली की नळ कोरडा. मध्ये टाकी असली की नळाला फिकीर नसते. फीडर म्हणजे सुताची टाकी. पोटावर किती वेढे उरलेत ते त्याला आरशांवरून कळतं. आरसा सुतानं झाकला की पोट भरलं, मोटर बंद. आरसा उघडा पडला की पोट रिकामं, मोटर चालू. आरशावर कुंकू बसलं की त्याला कायमच पोट भरल्यासारखं वाटतं. तो सूत घेत नाही आणि माग उपाशी थांबतो.

सुरुवातीच्या वर्षांत मी या कुंकवावरून भाषणं द्यायची. यंत्राला पूजा लागत नाही, तेल लागतं, वगैरे. मुरुमच्या एका शेडमध्ये मालकाची आई माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "व्हय ग बाई. पर ही त्याचे डोळे हायती, हे कुणी सांगितलं का आमाला? डोळ्यात कुणी कुंकू घालतं व्हय?" त्या शेडमधून दसऱ्यानंतर पुन्हा फोन आला नाही. मी भाषण बंद केलं. आता दसऱ्याआधीच सगळ्यांना सांगते, ते डोळे आहेत, कुंकू वर टोपणाला लावा, डोळ्यावर बसलं तर सूत नसतानाही त्याला सूत दिसतं. निम्मे फोन कमी झाले. ते सूत दिसायचं वाक्य पुढं माझ्याच अंगावर येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

भाषणाची सवय घरातून आलेली. माझे वडील, अण्णा, शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे. धाराशिवच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे असायचे. वाटून उरलेली पत्रकं. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. बाकीच्या पोरांनी पहिल्यांदा 'कमळ' वाचलं असेल, मी 'मागण्या' वाचलं. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची आणि आईची चूलही पत्रकांवरच पेटायची. अण्णांचा छापखान्यातला एक नियम होता. मजकूर कितीही कडक असो, त्यात एकही गोष्ट खोटी जाता कामा नये. ते म्हणायचे, "एक ओळ खोटी सापडली की मालक तेवढीच ओळ हातात धरून गावभर फिरतो. बाकीच्या खऱ्या ओळी मेल्या." आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, सोलापुरात एका वर्कशॉपमध्ये फीडर खोलायला शिकले, पण तो नियम अंगातून गेला नाही. बिघडलेल्याला बिघडलेलं म्हणायचं, चांगल्याला चांगलं. धंद्यात याचा तोटा होतो. नवा पार्ट खपवता येत नाही.

बाई मेकॅनिक लोकांना पचत नाही, हेही सांगून टाकते. "मेकॅनिक कुठंय?" "मीच." "तसं न्हाय वो, काम करणारं माणूस कुठंय?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर न देता पेचकस काढते. त्यापेक्षा अवघड दुसरं आहे. सकाळी घरातून निघताना मी पाणी पीत नाही. शेडमध्ये कुणी तांब्या पुढं केला की "आत्ताच प्यायले" म्हणते. कारण बहुतेक शेडमध्ये बायकांना जायची जागा नसते, आणि असली तर ती कुठं आहे हे पुरुषांना विचारावं लागतं. मला वाटायचं ही फिरतीवर असलेल्या माझीच अडचण. शेडमधल्या बायकांची ती रोजची असेल, हे अनेक वर्षं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मागण्यांची पत्रकं वाचून वाढलेल्या मुलीच्या!

ते डोक्यात आलं माणिकरावांच्या शेडमध्ये.

माणिकराव म्हणजे तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यावरच्या एका गावातले शेतकरी. सगळे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी सोलापुरात माग चालवला, पुढं गावी येऊन शेताच्या कडेला पत्र्याची शेड घातली आणि जुने, रुंद, टॉवेलचे माग आणून बसवले. प्रत्येक मागाला फीडर, दोन मागांच्या जोडीला एक बाई. माणूस वाईट नाही. सूत ओळखतो, मशीनला जपतो. एकदा त्यांचा फोन आला.

"पोरी, एका जोडीवरचे फीडर लई तरास द्यायलेत. दोन्ही माग संगट थांबतेत. रोज. बाकीच्या जोड्या बऱ्या चालल्यात."

"संगट म्हणजे एकाच वेळी?"

"एकामागं एक. तू ये आणि काय ते पक्कं सांग. फीडर खराब असंल तर फीडर बदलतो. न्हायतर बाई बदलतो."

ती बाई म्हणजे कौसाबाई. शेडमधली सगळ्यात जुनी कामगार. नवरा नाही, मुलगा पुण्याला जाऊन परत न फिरकलेला. गावात दुसरं काम म्हणजे दुसऱ्याच्या रानात वाकून खुरपणं, आणि ते तिला होत नव्हतं. का होत नव्हतं ते मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मी जे सांगणार त्यावर तिचं काम राहणार की जाणार हे ठरणार आहे.

मी गेले. शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. सगळे हातवारे करतात किंवा कानाशी तोंड नेऊन ओरडतात. कौसाबाईनं मला नखशिखान्त बघितलं आणि आपल्या कामाला लागली. दोन माग समोरासमोर, मध्ये ती.

दोन फीडर एकाच वेळी थांबतात म्हटल्यावर माझा पहिला संशय विजेवर. दोन्हींना करंट एकाच डब्यातून जातो. डबा उघडला. ठीक. जोडण्या घट्ट केल्या. कार्ड बदलून बघितलं. आरसे पुसले. कापसाची लव साफ केली. मोटर हातानं फिरवून बघितली, लोण्यासारखी. फीडर इतके चांगले होते की मी ते विकत घेतले असते.

मग मी फीडरकडं बघणं सोडून मागं बघितलं, कोनाच्या स्टँडकडं. तिथं प्रत्येक मागासाठी दोन कोन असतात. एकातून सूत चालू असतं, दुसरा वाट बघत बसतो. कोन बनवताना सुताचं अगदी सुरुवातीचं टोक पुठ्ठ्याच्या बुडाशी थोडं मोकळं सोडतात. त्याला शेपूट म्हणतात. चालू कोनाचं शेपूट पुढच्या कोनाच्या डोक्याला, म्हणजे बाहेरच्या टोकाला बांधायचं. पहिला कोन संपला की गाठ आपोआप दुसऱ्या कोनाचं सूत ओढून आणते आणि मागाला पत्ताही लागत नाही. मग रिकामा कोन काढायचा, नवा लावायचा, पुन्हा शेपूट बांधायचं. असं करत राहिलं तर सूत कधीच संपत नाही. सगळ्या यंत्रणेचा हेतू तोच आहे. माग थांबू नये.

कौसाबाईच्या दोन्ही मागांवर शेपूट मोकळं लोंबत होतं.

मला वाटलं, विसरली. मी दोन्ही शेपटं बांधली, टोकं कातरली, आणि मोठा शोध लावल्यासारखी भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं पहिल्या मागाचा कोन संपला. गाठ सुळकन गेली. माग चालूच. मग दुसऱ्याचा संपला. तोही चालूच. कौसाबाई वळली. स्टँडकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेला चेहरा होता. ती माझ्या कानाशी आली.

"तू बांधलीस व्हय?"

"हो. विसरला होतात तुम्ही."

"इसरले न्हवते," ती ओरडली. "आता मी कवा जाऊ?"

मला दोन-तीन क्षण लागले समजायला. तिला ताटकळत बघून समजलं. मग मी काहीही न विचारता दोन्ही मागांचा खटका दाबला. ती शेडच्या मागच्या दारातून जवळजवळ पळत गेली.

परत आल्यावर आम्ही दारात बसून बोललो. तिथं थोडं ऐकू येतं. शेडचा नियम असा होता की चालू माग सोडून जायचं नाही. नियमाला कारण होतं. कुणी नसताना उभा धागा तुटला तर हातभर टॉवेल वाया जातो. स्वतः माग बंद करायचा नाही, कारण ते कामचुकारपणात धरलं जाई. पण सूत संपून माग थांबला तर तो मागाचा थांबा, बाईचा नव्हे. त्यातून नवं सूत वाकड्या तारेनं फीडरमधून ओवून घ्यायचं तर वेळ लागतोच. तेवढ्यात जाऊन येता येतं. म्हणून शेडमधल्या सगळ्या बायका कामाच्या पाळीत एकदा दोन्ही मागांवर एकेका कोनाचं शेपूट मोकळं सोडत. दोन्ही मागांना कोन एकाच वेळी लावायचे, म्हणजे ते बरोबरच संपतात. आबांच्या ते कधी लक्षात आलं नाही, कारण सगळ्याच जोड्या एकेकदा थांबायच्या.

"मग तुमचेच जास्त का थांबतात?"

"मुतखडा झालाय मला. तुळजापूरचा डाक्टर म्हनला, पाणी प्या. लई प्या. प्याले की जावं लागतंय, न्हाय प्याले की कळ निघतीय. आता तूच सांग, काय करू? तोंड शिवू का..." पुढचं ती हसून बोलली. मी ते छापायला देत नाही.

माझं डोकं तापलं. मी म्हणाले, सगळ्या बायकांना गोळा करा, मागण्या लिहून काढू, मी रात्रीत पत्रक तयार करते, उद्या सगळ्यांनी मिळून माग बंद ठेवायचे.

कौसाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "अण्णाची पोरगी न्हवं का तू?"

"हो."

"तरीच. तुज्या बापाचं पत्रक आलं हुतं आमच्या घरी. कागद चांगला हुता. म्या त्यात शेंगदाण्याचं कूट बांधून रानात न्यायचे." मग तिनं आवाज खाली आणला. "हे बघ, पोरी. मला भाषण नगं. तू आबाला एवढंच सांग, फीडर खराब हाय. त्याला पटतंय तुजं. एवढं केलंस तर लई झालं."

"फीडर खराब नाही."

"मला काय ठावं न्हाय व्हय?"

"मी खोटं नाही सांगणार."

"का? जीभ झडंल?"

मी समजावत राहिले. फीडर खराब म्हटलं तर आबा नवे आणतील, नव्यावरही माग थांबेलच, मग सरळ तुमच्यावर येईल. आणि त्यानंतर मी काहीही खरं सांगितलं तरी ते ऐकणार नाहीत. हे सगळं बरोबर होतं. पण तिच्या तोंडावरून कळत होतं की तिला माझा हट्ट म्हणजे पोट भरलेल्याचा नाद वाटतोय.

"तुजं खरं तुला लखलाभ," ती म्हणाली. "काम माजं जाईल. तुजी गाडी फुर्र करून धाराशिवला."

याचं उत्तर अण्णांच्या कुठल्याही पत्रकात छापलेलं नव्हतं. खरं बोलायचं, हे मी ठरवलं होतं. त्याचा दंड ती भरणार होती.

शेवटी मी म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. पण अर्धं खरंही बोलणार नाही. फीडर चांगला आहे, एवढंच सांगून मी निघून गेले तर ते अर्धं खरं. शेपूट मोकळं का राहतं, ते सुद्धा सांगणार. पण तुमची हरकत असेल तर काहीच सांगत नाही. न सांगता परत जाते, दुसरा मेकॅनिक बोलवा म्हणते."

ती उठली. "माज्या अंगातलं दुखणं तू कशाला सांगतीस? मीच सांगते. तू निस्ती उभी राहा संगट."

माणिकराव आले तेव्हा चहाची वेळ होती आणि माग बंद होते. बायका कपबश्या घेऊन जिथल्या तिथं बसल्या होत्या. शेडमधला जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा बालाजी, दाराशी उभा होता. आबांनी मला विचारलं, "काय निघालं?"

"फीडर चांगले आहेत," मी म्हणाले.

आबांनी कौसाबाईकडं बघितलं. तिनं बशी खाली ठेवली.

"शेपूट मी बांधत न्हवते, आबा. जाणून."

"जाणून? म्हंजे माग तू बंद पाडतीस?"

"व्हय."

"इतकी वरसं खाल्लंस माजं आणि..."

"खाल्लं न्हाय, इणलं," कौसाबाई म्हणाली. "मला जावं लागतंय. खडा हाय. तुमी चालू माग सोडू देत न्हाय. मग सूत संपवते आणि जाते."

आबांचा चेहरा लाल झाला होता. "पाळीत एकदा समजू शकतो. तू सारखीच..."

"आबा," ती म्हणाली, "सकाळधरनं तुमी किती येळा गेलाव?"

बालाजीनं तोंड फिरवलं. कोपऱ्यात कुणी तरी खुदकन हसलं.

"माजी शुगर हाय," आबा म्हणाले.

"माजा खडा हाय."

आता सगळ्याच हसायला लागल्या. आबांना हसावं की ओरडावं कळेना. तेवढ्यात मी बोलले. मला राहवलं नाही. "आबा, फीडर तुम्ही कशासाठी घेतलेत? मागाला हिसका बसू नये म्हणून मध्ये चार वेढे राखीव. सुतासाठी राखीव आहे. विजेसाठी बाहेर जनरेटर आहे. या बायकांमध्ये राखीव कोण आहे? एक बाई मोकळी ठेवा. ज्या बाईला जायचं असेल तिच्या मागावर ती उभी राहील. माग थांबणार नाही. शेपूट मोकळं ठेवायची कुणाला गरजच राहणार नाही."

"शिकवू नगंस," आबा म्हणाले आणि उठून गेले.

पण बाई बदलली नाही. पुढच्या आठवड्यात सरू नावाची एक बाई बदलीला आली. काम एकच, कुणी उठली की तिच्या जागी उभं राहायचं. शेडमधले थांबे कमी झाले. आबांनी मला बोलावून ते दाखवलंही, जणू कल्पना त्यांचीच. मला चाललं.

त्याच भेटीत त्यांनी मला आणखी एक काम दिलं. कोनाच्या स्टँडवर एक छोटा डोळा बसवायचा. त्यासमोरून शेपटाचं सूत गेलेलं असलं पाहिजे. शेपूट मोकळं राहिलं की वर लाल दिवा. "आता काय अडचण हाय? बदली बाई दिलीय की," आबा म्हणाले. मला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही. यंत्र म्हणून ती वस्तू चांगली होती. मी प्रत्येक स्टँडला डोळा बसवला, बायकांना दाखवला. कौसाबाई माझं काम बघत होती. "ह्याला बी डोळा व्हय," एवढंच म्हणाली.

पुढं टॉवेलची मागणी मंदावली. पहिली कात्री बदली बाईवर चालली. सरूला घरी पाठवलं. दिवे मात्र तसेच राहिले. मला हे कुणी कळवलं नाही. का कळवावं? फीडर तर ठीक चालले होते.

यंदा दसऱ्यानंतर आबांचा फोन आला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, पूजा कुणी केली. ते म्हणाले, "फीडर ठीक हायत. तुजे ते दिवे लागंनात."

गेले. सगळे माग चालू, सरू कुठं दिसेना, झेंडूचे हार अजून लोंबत होते. फीडरचे आरसे चकचकीत, एकावरही कुंकवाचा कण नाही. कुंकू टोपणाला, मी सांगितलं होतं अगदी तसं. आणि स्टँडवरच्या प्रत्येक डोळ्यावर गच्च, ओल्या हळदीत कालवलेलं कुंकू. एकही सुटला नव्हता. डोळ्यावर बसलं तर सूत नसतानाही त्याला सूत दिसतं. सांगितलेलं कुणी विसरलं नव्हतं.

आबा माझ्यामागं उभे होते. मी त्यांना बाहेर दारात नेलं आणि जे होतं ते सांगितलं. "डोळ्यावर कुंकू बसलंय. म्हणून दिवा लागत नाही. बिघाड नाही."

"मग पूस की."

कौसाबाईला ऐकू आलं असणं शक्य नव्हतं, पण ती दारात आली. तिला काय चाललंय हे बघून कळलं असावं.

"खंडेनवमीचं कुंकू हाय, आबा," ती म्हणाली. "पुसत न्हाईत. आपून हून पडंल तवा पडंल."

आबांनी तिच्याकडं बघितलं. मग शेडमध्ये टांगलेल्या भवानीच्या तसबिरीकडं बघितलं. पत्रकांवर वाढलेली मी, देवाच्या नावानं कुणाचं तोंड बंद करणं मला आयुष्यात मान्य नाही. पण त्या दिवशी आबांचं बंद झालेलं मी बघितलं आणि हरकत घेतली नाही. फक्त गप्प राहिले नाही. म्हणाले, "आबा, कुंकू पडेल. सरूला बोलवा. नाहीतर पुढच्या खंडेनवमीला पुन्हा लावतील."

"बघू," म्हणून आबा ऑफिसात गेले.

मी सामान आवरत होते तेवढ्यात कौसाबाईनं तांब्या पुढं केला. "पाणी पी."

"आत्ताच..." म्हणायला तोंड उघडलं होतं. तिच्या हातातला तांब्या बघितला आणि घेऊन प्यायले. सगळा. उन्हातून गाडी चालवत आले होते. किती तहान लागली होती हे मला प्यायल्यावर कळलं.

"मागल्या दारानं डावीकडं," ती म्हणाली. "कडी लागत न्हाय, दगुड लाव."

मी जाऊन आले. ती आपल्या दोन मागांमध्ये उभी होती, चेहरा आवळलेला. स्टँडवर दोन्ही कोन अजून अर्धे होते. संपायला वेळ होता. ती माझ्या कानाशी आली.

"तुला येतंय का माग बघायला?"

"येतं."

"मग उभी राहा. मी येते."

मी उभी राहिले. दोन माग समोरासमोर, मध्ये मी. उभे धागे तुटत नाहीत ना ते बघत, फीडरच्या पोटावर वेढे भरताना आणि रिकामे होताना बघत. ती मागच्या दारातून गेली, या वेळी चालत.

आबा ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडं बघत राहिले. मग जवळ आले आणि कानाशी ओरडले, "आता मेकॅनिक माग चालवायला लागली व्हय?"

"सरू येईपर्यंत," मी म्हणाले.